सूपमधलं आठ ग्रॅम मीठ

सोमवार, ३

निवृत्त होऊन चार महिने झाले. छत्तीस वर्षं दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासली. आता तपासायला घरात फक्त बायको उरली आहे आणि तिच्यात खोट सापडत नाही. हे मी थट्टेने लिहीत नाही.

ती वृद्धाश्रमात सव्वीस वर्षं स्वयंपाक करते. गेल्या महिन्यात तापाने आडवी झाली, तेव्हापासून घरीच आहे. आज तिथल्या व्यवस्थापिका आल्या. मला वाटलं तब्येत विचारायला आल्या, म्हणून मी बिस्किटं काढली. त्यांनी बिस्किटाला हात न लावता सांगितलं, की विश्वस्तांना स्वयंपाकघर बंद करून बाहेरच्या ठेकेदाराकडून डबे मागवायचे आहेत. संध्याकाळचं जेवण म्हाताऱ्यांना चावत नाही, निम्मं ताटात उरतं, अशी तक्रार आहे. व्यवस्थापिकांनी गयावया करून एक संधी मिळवली आहे. शनिवारी, बावीस तारखेला, चारही विश्वस्त तिथे जेवायला बसणार. एका वाडग्यात पोटभर होईल आणि दात नसलेल्यालाही खाता येईल असं काही बायकोने करून दाखवलं, तर चूल चालू राहील. नाहीतर महिनाअखेरीस कुलूप.

बायको एवढंच म्हणाली, "करते."

त्या गेल्यावर तिने ठरवूनही टाकलं. भाज्यांचं आणि पास्त्याचं सूप, दाट, चमचा उभा राहील असं. मला हुकूम सुटला की उद्या एक वही आणा आणि तुमचा तो नाजूक काटा माळ्यावरून काढा. प्रत्येक जिन्नस मोजून लिहायचा आणि चव कशी लागते तेही मीच लिहायचं. ती वही स्वयंपाकघरात राहील. ही रोजनिशी मात्र माझी, मोज्यांच्या खणात राहणारी.

बुधवार, ५

पहिलं सूप. सहा वाडग्यांचं.

तिला भाजी चिरताना मी एकतीस वर्षांत कधी नीट पाहिलंच नव्हतं. गाजराचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याएवढा. मी गुपचूप दहा तुकडे काट्यावर ठेवून पाहिले, फरक नावापुरता. पातेल्यात आधी तेलावर कांदा आणि गाजर, मंद आचेवर, घाई नाही. मग टोमॅटो. मग बटाटा, फरसबी, रात्रभर भिजवून शिजवलेला पांढरा राजमा. कोबी आणि पालक शेवटी, "नाहीतर त्यांचा गाळ होतो."

पास्ता तिने सूपमध्येच शिजवला. छोट्या शिंपल्यांच्या आकाराचा. दुपारी ठीक दिसत होता, संध्याकाळपर्यंत त्याने सगळा रस पिऊन टाकला आणि शिंपल्यांची झाली मोठाली गलबतं. तिने पातेल्यात एकदा पाहिलं आणि म्हणाली, पास्ता वेगळा उकडायचा, वाढताना घालायचा. मी असतो तर या निष्कर्षाला यायला मला तीन महिने आणि एक समिती लागली असती.

चव मला घ्यायला लावली. ती समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "झकास."

खरं लिहायचं तर अळणी होतं. उकडलेल्या भाज्यांचं पाणी. पण आजारातून उठलेल्या बाईला हे कोण सांगणार? स्वतः तिने एक थेंबही चाखला नाही. इतका अनुभव असला की माणसाला चाखावंही लागत नाही, नजरेनेच कळतं. वहीत मीठ चौदा ग्रॅम लिहिलं.

गुरुवार, ६

सकाळी दूध करपलं. मी आंघोळीला गेलो होतो, बाहेर आलो तर घरभर वास. बायको त्याच खोलीत, टेबलाशी बसून शांतपणे फरसबीच्या शिरा काढत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला. तिने पातेल्याच्या काळ्या बुडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अरे हो."

दुसरी बाई असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. एवढी मोठी परीक्षा डोक्यावर असताना इतकी शांत. मला तर बुटाची नाडी तुटली तरी दिवस वाईट जातो.

शनिवार, ८

आज मी गुन्हा केला.

दुसरं सूप. पास्ता वेगळा, राजमा थोडा ठेचून रसात मिसळलेला, त्यामुळे दाटपणा सुरेख आलेला. पण मीठ पुन्हा चौदाच. ती पास्ता निथळायला मोरीकडे वळली तेव्हा मी चिमटीने मीठ टाकलं, ढवळलं, चाखलं, आणखी टाकलं. सवयीने आधी आणि नंतर मिठाची बरणी काट्यावर ठेवली होती. बरोबर आठ ग्रॅम. मग तिने विचारलं आणि मी मोठ्या तोंडाने झकास म्हणालो. या वेळी निदान ते खरं होतं.

एकदा एक धान्यवाला पकडला होता, बोलता बोलता काट्याच्या तव्यावर अंगठा टेकवायचा. कोर्टात म्हणाला, साहेब, गिऱ्हाईक खूश होतं हो. मला तेव्हा फार हसू आलं होतं.

मंगळवार, ११

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना बायकोने सूप चाखायला बोलावलं. निवृत्त झाल्या तरी त्या अजून सगळ्या जगाचे पेपर तपासतात. मी आधीच माझे आठ ग्रॅम टाकून मोकळा झालो होतो. बाईंनी तीन चमचे खाल्ले, डोळे मिटले आणि निकाल लावला. दहापैकी आठ, बटाटा थोडा मोठा आहे, मीठ बरोब्बर.

बायकोचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. तिने लगेच वहीत चौदाच्या खाली दोन रेघा ओढल्या, म्हणजे हे पक्कं. मला जरा कसंसंच झालं. पण आनंदाच्या वेळी आठ ग्रॅमचा हिशेब काढणारा मी कोण लागून गेलो?

गुरुवार, १३

आज ती चिडली आणि का ते मला कळलं नाही.

चमचा हातात देऊन म्हणाली, झकास सोडून काहीतरी सांगा. गाजराचा गोडवा कळतोय का, की टोमॅटो त्याला दाबतोय? मिरी घशाशी लागते का जिभेवर? मी म्हणालो, दोन्ही झकास. मग तिने विचारलं, तळाला लागल्याचा वास येतोय का. येत होता, थोडा. मी नाही म्हणालो. कष्ट तिचे, आणि नाक मुरडणारा मी?

तिने चमचा माझ्या हातातून घेतला आणि ती नळ सोडून भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडीसुद्धा घासली. मला वाटतं तिला अजून कौतुक हवं होतं आणि मी कंजूषपणा केला. जेवताना भरपूर कौतुक केलं. ती उठून गेली.

शनिवार, १५

आज थोडक्यात वाचलो.

पाव घेऊन जिना चढलो तर दारापासूनच गॅसचा वास. राजम्याचं पाणी उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस चालूच. आणि बायको शेगडीच्या शेजारी उभी राहून कोबी चिरते आहे. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि तिच्यावर ओरडलो. आयुष्यात इतका कधी ओरडलो नव्हतो. कामात इतकं बुडून जायचं की जीव जाईल तरी कळू नये?

ती स्टुलावर बसली आणि रडली. तिची आई गेली तेव्हाही ती चारचौघांत रडली नव्हती. मला माझ्या जिभेची लाज वाटली. माफी मागितली, तर म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही.

संध्याकाळी तिने एक नवा नियम केला. शेगडी पेटलेली असेपर्यंत मी स्वयंपाकघर सोडायचं नाही, तिथेच बसायचं. या वयात बायकोला माझी सोबत हवीशी वाटते, याचा मनातून आनंदच झाला. पेपरही आता तिथेच वाचतो.

मंगळवार, १८

आजचं सूप मी विसरणार नाही.

कांदा अर्धा तास मंद आचेवर ठेवला होता. रंग आला का हे ती पाहत होती आणि वास कसा येतोय हे मला विचारत होती. मी म्हणालो, गोड. ते तिला आवडलं असावं, कारण तिने ते वहीत लिहायला लावलं. बटाटा बारीक केला, मास्तरीणबाईंचा गुण वसूल. राजमा निम्मा ठेचला. पास्ता एक मिनिट आधीच उतरवून त्यावर थोडं तेल चोळलं, म्हणजे शिंपले एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाडग्यात गरम रस पडला की उरलेलं मिनिट तिथेच शिजतात. शेवटी लिंबू पिळलं. चमचा खरंच उभा राहिला.

हे सगळं ती कुठल्या पुस्तकात शिकली नाही. चाळीस म्हाताऱ्यांच्या ताटात काय उरतं ते सव्वीस वर्षं बघून शिकली. कुणाची कवळी कोणत्या बाजूने दुखते ते तिला पाठ आहे. मी छत्तीस वर्षांत एवढी दुकानं पाहिली, त्यातला एक दुकानदार आठवत नाही, तो अंगठ्याचा सोडून.

अर्थात आठ ग्रॅम मी टाकलेच.

गुरुवार, २०

ती आज वही घेऊन गुणाकार करत बसली. चाळीस म्हातारे आणि चार विश्वस्त, चव्वेचाळीस वाडगे. गाजर इतकं, राजमा इतका, मीठ एकशे तीन ग्रॅम. मी समोर बसून पेपर वाचत होतो आणि डोकं आपोआप चालत होतं. माझे आठ ग्रॅम धरले तर एकशे एकसष्ट हवेत. तिच्या आकड्यात अठ्ठावन्न ग्रॅम कमी. विश्वस्तांपुढे भाज्यांचं पाणी जाणार.

आधी मनाची समजूत घातली, की तिथे ती चाखेलच. कुठलाही स्वयंपाकी चाखतो, कमी असेल तर घालेल.

मग आठवायला लागलो, या अठरा दिवसांत तिने कधी चाखलं. नाही आठवलं. एकदाही नाही. मग करपलेलं दूध आठवलं. गॅस आठवला. ती माझ्या तोंडाकडे कशी पाहायची ते आठवलं, आणि मला पेपर खाली ठेवता येईना.

तिला वास येत नाही. चवही लागत नाही. तापापासून. आणि मी तिच्या शांतपणाचं कौतुक लिहीत बसलो होतो.

शुक्रवार, २१

सकाळी सांगून टाकलं. कॉफी पिता पिता. आठ ग्रॅमचं सांगितलं, तळाला लागल्याचं सांगितलं, पहिलं सूप अळणी होतं तेही सांगितलं. मग म्हणालो, "आणि तुला चव लागत नाही हे मला काल कळलं."

तिने कप खाली ठेवला. डॉक्टरांना ती गुपचूप दाखवून आली होती. ते म्हणाले, येईल किंवा येणार नाही, वाट पाहायची. पहिल्याच दिवशी व्यवस्थापिकांना सांगितलं असतं तर बावीस तारीखसुद्धा मिळाली नसती. मला का सांगितलं नाही असं मी विचारलं, तर म्हणाली, तुमच्या पोटात काही राहतं का? संध्याकाळपर्यंत मास्तरीणबाईंपर्यंत पोचलं असतं. हे खरं आहे.

"पण मी म्हटलं, जीभ नसली तर नसली, घरात माणूस आहे," ती म्हणाली. "जन्मभर लोकांचे काटे तपासलेत यांनी. हे सांगतील ते बरोबरच असणार."

मी मान खाली घातली. यापेक्षा तिने भांडं फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, एकतीस वर्षांत एकदा तरी काही बिघडलं होतं की नाही. मी ठरवलं, आता काय ते सगळं. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक मधोमध कच्चा होता. वांगं मला कधीच आवडलं नाही. कॉफी तीस वर्षं पातळ पितो आहे.

"वांगं कधीच नाही?" तिने विचारलं. मिठापेक्षा तिला तेच जास्त लागलं असावं.

"कधीच नाही."

ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. उठली, माझा कप मोरीत रिकामा केला आणि दुसरी कॉफी केली, कडक. म्हणाली, "उद्या तुम्ही माझ्याबरोबर यायचं. पातेल्याशी उभं राहायचं. आणि खबरदार गोड बोललात तर."

शनिवार, २२

आल्याबरोबर लिहायला बसलो आहे, एखादी गोष्ट राहून जायला नको.

तिथलं पातेलं दोघांनी उचलावं लागतं एवढं मोठं. दोन मदतनीस बायका, व्यवस्थापिका आणि मी, हातात चमचा घेऊन. मदतनिसांना वाटलं साहेब तपासणीला आलेत. मीठ घालायची वेळ आली तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चाखलं आणि म्हणालो, "अळणी." सगळ्यांसमोर. तिने मूठ भरली. "अजून." तिने अजून टाकलं. "थांब." हात जागच्या जागी थांबला. टोमॅटो आंबट आहे म्हणालो, तर तिने गाजर ठेचून घातलं. मिरी घशाशी लागते म्हणालो, तर तिने बटाटा वाढवला. मी एक शब्द टाकायचा आणि तिला त्यावरचा उपाय माहीत असायचा. जीभ माझी होती, पण स्वयंपाक करणारी तीच होती.

साडेपाचला मला वास आला. आधी वाटलं भास आहे. विश्वस्त बाहेर येऊन बसलेले, वाडगे मांडलेले, व्यवस्थापिका दारात. इतक्या उशिरा कसं सांगायचं, म्हणून क्षणभर जीभ अडकली. मग म्हणालो, "तळाला लागतंय."

तिची पापणीही लवली नाही. म्हणाली, कोणी ढवळायचं नाही. आच बंद केली, दुसरं पातेलं पुढे ओढलं आणि डावाने वरचं वरचं त्यात काढायला लागली. तळ खरवडला नाही, चार बोटं तसाच राहू दिला. मदतनिसांना म्हणाली, पास्ता जास्त वाढा, भरून निघेल. दहा मिनिटांत सूप वाचलं. मी चाखलं, करपल्याची नावनिशाणी नव्हती, आणि मी तसं सांगितलं.

म्हातारे जेवायला बसले. विश्वस्तांच्या अध्यक्षबाई उंच, कोरड्या आवाजाच्या. अर्धा वाडगा संपवून त्यांनी बायकोला बोलावलं आणि विचारलं, यात गाजर दोनदा घातलंय का, चव वेगळी लागते, तुम्ही स्वतः खाऊन पाहिलंत का.

ती हो म्हणू शकली असती. मी मनात म्हणत होतो, म्हण हो.

"नाही," ती म्हणाली. "तापापासून मला चव लागत नाही आणि वास येत नाही. चव यांनी घेतली, स्वयंपाक मी केला."

खोलीतले सगळे चमचे थांबले. व्यवस्थापिकांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंनी हाताची घडी घातली आणि विचारलं, की जिला चव कळत नाही तिच्या हाती एवढ्या माणसांचं पोट कसं सोपवायचं. प्रश्न रास्त होता, मीही हाच विचारला असता. माझे मिस्टर रोज येतील, असं काहीतरी ती म्हणायला गेली.

तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला. तिथे एक नव्वदीचे गृहस्थ बसतात, पूर्वी बँड वाजवायचे, सगळे त्यांना बँडमास्तर म्हणतात. ते वाडगा पुसून घेत होते.

"अहो, आमचे दात गेलेत, जिभा आहेत," ते म्हणाले. "चाळीस जिभा इथे दिवसभर रिकाम्या बसलेल्या असतात. रोज दोघं जाऊ आतमध्ये, चाखू आणि सांगू. तेवढंच काम होईल आम्हाला."

शेजारच्या आजी म्हणाल्या, पहिल्या दिवशी मी. त्यांच्यामागच्या म्हणाल्या, तुम्हाला गोडच आवडतं, तुमचा काय भरवसा. मग जी वादावादी सुरू झाली ती पाच मिनिटं कोणाला आवरेना. अध्यक्षबाई त्या गोंधळाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आपला वाडगा पुढे केला आणि आणखी एक डाव मागितला. खातानाच शेजारच्या विश्वस्तांना म्हणाल्या, डब्यांचं राहू द्या, चूल चालू ठेवा, आणि ती चाखणाऱ्यांची यादी लिहून भिंतीवर लावा.

बायको आत गेली. मी गेलो तेव्हा ती पातेल्याच्या काठाला धरून उभी होती. मला अभिमान वाटला हे लिहिणं फार थोडं आहे. सव्वीस वर्षांची चूल तिने खरं बोलून पणाला लावली. मला एका घरात, एका बाईसमोर, आठ ग्रॅमचं खरं बोलायला तेरा दिवस लागले.

निघालो तेव्हा नुकता अंधार पडत होता. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "रस्त्याला कसला वास येतोय?"

मी थांबलो आणि नीट घेतला. सांगितलं, उजवीकडे कोणाच्या तरी घरी मासे तळताहेत. पुढे नवा रंग दिलेलं फाटक आहे. गटाराचा वास आहे, थोडा, पण आहे. कुठेतरी साबणाने धुतलेले कपडे वाळत घातलेत. ती मान डोलावत ऐकत होती, मधूनच विचारायची, साबण कुठला, फुलांचा की कडवट.

मग म्हणाली, "आणि माझ्या केसांना?"

मी जवळ जाऊन वास घेतला. "कांद्याचा येतोय. आणि धुराचा. फार काही चांगला नाही."

ती इतकी मोकळी हसली की समोरून येणारा सायकलवाला वळून पाहायला लागला. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, पुढचं सांगा. आमची गल्ली डाव्या हाताला येऊन गेली. तिला ते दिसलं होतं, मलाही दिसलं होतं. मी पुढच्या बेकरीचा वास सांगायला लागलो आणि आम्ही सरळ चालत राहिलो.